खणातला डोंगल

अंगठ्याएवढं प्लॅस्टिक, टोपण केव्हाच हरवलेलं, पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने 'स'. मालवण तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाच्या टेबलाचा वरचा खण ओढला, तर शिक्के नि स्टँप पॅडच्या गर्दीत हे महाशय भेटण्याची शक्यता दाट. 'स' म्हणजे सरपंच. शेजारी 'ग्रा' असतोच, ग्रामसेवकांचा. (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, चिकटपट्टी जुनीच आहे.)

दिसायला पेन ड्राइव्हचा सख्खा भाऊ, स्वभावाने अगदी उलटा. पेन ड्राइव्ह पोटातलं कुणालाही देऊन टाकतो. याच्या पोटात डिजिटल सहीची किल्ली, तिची नक्कल निघत नाही. पिन लागोपाठ चुकला की हा रुसून बंद पडतो. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून खर्ची टाकायचा तर ग्रामसेवक आणि सरपंच, दोघांचे डोंगल लागतात. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून दोन. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचं कलम ४२ सांगतं, किल्ली ज्याची त्याने जपावी, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये.

आणि पिन? दोन्ही एकाच चिठ्ठीवर, त्याच खणात.

"माझो डोंगल खंय आसा गो?"

"खणातच आसा मॅडम, दोघांचोय."

यात लबाडीच असते असं नाही. सरपंचबाईंचा होमस्टे, ग्रामसेवकांकडे आणखी एक गाव. रोज हजर ती परिचालक मुलगी. पावसात रेंज गेली की तीच दोघांना पर्समध्ये टाकून एसटीने मालवण गाठते. ३१ मार्चच्या धांदलीत दोन्ही सह्या एकाच हाताने होतात. मानधनावर राबणाऱ्या त्या मुलीला बोल लावणं मला पटत नाही. मला राग येतो तो सरपंचबाईंच्या 'ह्यां'चा. २०११ पासून निम्मी पदं बायकांना राखीव, पण काही ठिकाणी डोंगल फिरतो 'ह्यां'च्या खिशात. चेकवर सही हवी तर निदान चेकबुक बाईंपुढे धरावं लागायचं. डोंगलला हात कुणाचा ते कळत नाही. पिन जुळला की झालं.

मुदत संपली की मात्र त्याला मालकीणच लागते. नव्या प्रमाणपत्रासाठी बाईंना स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलावं लागतं, तिथे 'हे' चालत नाहीत. साडी नीट करून त्या बसतात, नाव सांगतात, पॅनकार्ड दाखवतात. काम उरकतं. परिचालक विचारते, "मॅडम, पिन काय टाकू?"

"जुनोच टाक."