उजव्या बाजूचा घास

उतारवयात माणूस मऊ अन्नाकडे वळतो, असे आपण सहज म्हणून जातो. आमची आई भाकरी कालवणात भिजवून, डाव्या गालात घोळवून सावकाश खाऊ लागली, तेव्हा आम्हीही तेच म्हणालो आणि निश्चिंत झालो. या निश्चिंतपणाचा हिशेब २०२० सालच्या पवित्र आठवड्यात आमच्यापुढे आला.

टाळेबंदीमुळे वसईतली चर्चे भाविकांना बंद होती. झावळ्यांच्या रविवारची मिस्सा आम्ही मुलीच्या मोबाइलवर घरीच पाहिली. त्याच रात्री आई उजवा गाल धरून कण्हू लागली. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ठणका थांबेना. दात कोरताना उडणाऱ्या तुषारांतून संसर्ग पसरेल या भीतीने जवळपासचे दंतवैद्य दवाखाने उघडत नव्हते. अखेर ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "दातांचे फोटो पाठवा."

त्यांच्या सूचना साध्या होत्या. चूळ भरावी, स्वच्छ कापडाने दात कोरडे करावेत, चमच्याच्या दांड्याने गाल अलगद बाजूला धरावा, प्रकाश तिरपा पाडावा. नाहीतर लाळेची चमक फसवते. मुलगी आजीसमोर गुडघे टेकून बसली. आम्ही बॅटरी धरली. आमचे दुधाचे दात जिने एकेक करून मोजले, तिच्या तोंडात आम्ही त्या रात्री प्रथमच डोकावलो. खालच्या दाढेत काळी पोकळी स्पष्ट दिसत होती.

"कधीपासून दुखते आहे?"

"गेल्या पावसाळ्यापासून. तुमची धावपळ चाललेली. एका दातासाठी कशाला सांगायचं?"

उशाशी तिचे प्रार्थनेचे पुस्तक होते. २४९ साली आलेक्झांड्रियात दात पाडून जिचा छळ झाला, ती संत अपोलोनिया दातदुखीने पीडितांची आश्रयदाती मानली जाते. तिला आई रोज सारे सांगत होती. आम्हांला मात्र नाही.

फोटो पाहून डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी सुचवली आणि बजावले, की सूज वाढली, ताप आला, गिळण्यास वा श्वासास त्रास झाला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. या दूरस्थ दंततपासणीला टेलिडेंटिस्ट्री म्हणतात. अमेरिकी सैन्याने दूरच्या तळांवरील सैनिकांसाठी १९९४ साली असा प्रयोग केला होता. डॉक्टरांनी तिच्या मर्यादाही सांगितल्या. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते दाताच्या कवचातील क्षार विरघळवते. कीड प्रथम काळी नसते. खडूसारखा पांढरा डाग दिसतो. त्याच वेळी लक्ष गेले, तर फ्लोराइडच्या साहाय्याने ती थोपवता येते. उलट प्रत्येक काळा डाग म्हणजे कीड नव्हे. तो चहाचाही असू शकतो. पोकळी फोटोत दिसते, परंतु दोन दातांच्या फटीतली कीड दिसत नाही. तिला क्ष-किरणच हवेत.

तसेच झाले. जूनमध्ये दवाखाना उघडल्यावर क्ष-किरण काढले, तेव्हा शेजारच्या दाढेतही फटीच्या बाजूने कीड आढळली. पहिल्या दाढेची मुळे साफ करून ती वाचवण्यात आली. दुसरी वेळीच भरली गेली.

मोबाइलने आम्हांला आईची दाढ दाखवली, हे उपकारच. दूरच्या पाड्यावर राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ही सोय वरदान ठरावी. परंतु फोटो काढण्यासाठी आधी कुणीतरी जवळ बसावे लागते, तोंड उघडायला सांगावे लागते. आम्ही तर तिच्याच ताटाला ताट लावून जेवत होतो! एक सबंध हिवाळा तिने एका बाजूने घास चावला, आणि ते टिपायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

आता जेवताना आम्ही आईला विचारतो, "उजव्या बाजूने चावतेस ना?" ती हसते. उत्तर देण्यापूर्वी सुकटीचा एक तुकडा मुद्दाम उजव्या दाढेखाली धरते आणि आम्हांला तो कुरकुर आवाज ऐकवते.