शटरखालची थंडी

११ डिसेंबर, गुरुवार
सकाळी साडेसहाला शटर वर केलं तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त गार. व्हाइसच्या वर टांगलेला थर्मामीटर १२ वर. चेतकच्या कार्बोरेटरचा जेट बोटांतून दोनदा निसटला. दुसऱ्यांदा पडला तो फरशीवर रांगून अर्ध्या तासाने सापडला. गुडघे अजून बोलतायत. ही दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "हीटर तरी घ्या, नाहीतर स्कूटर विका."

स्कूटर विकायची नाही. आकुर्डीला बनलेली, वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. पण हीटर? निगडीत? तीस वर्षं भोसरीत पावडर कोटिंगच्या ओव्हनशेजारी काढली, १८० ते २०० अंशांच्या. तिथे उभ्या राहणाऱ्याला थंडी म्हणजे फक्त जाता-येता स्कूटरवर लागणारी. आता पेन्शनीत तीच अंगावर आली.

पुण्याची थंडी मोजणाऱ्या हवामान खात्याच्या कचेरीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ साली ती सिमल्याहून इथे आली. येताना थोडी हवाही घेऊन आली असावी.

कामाचं पुढे काही झालं नाही. दहाला लाइट गेली. गुरुवारच, देखभालीसाठी लाइट घालवायचा वार.

१४ डिसेंबर, रविवार
भाच्याचा मिशिगनहून फोन. तिकडच्या गॅरेजात छताला टांगलेला ५ किलोवॅटचा हीटर आहे, २४० व्होल्टच्या वेगळ्या लाइनवर. बाहेर उणे १५ असताना आत हाफ शर्टवर गाडीचं ऑइल बदलतो म्हणे. "मामा, तुम्ही पण तसाच बसवा." अरे बाबा, तुझ्या गॅरेजच्या भिंतींत आणि दारात गादी भरलेली आहे. माझ्याकडे एकेरी पत्रा आणि रोलिंग शटर.

एक गोष्ट मात्र त्याने कामाची सांगितली. तिकडच्या नियमांत गॅरेजमध्ये ठिणगी किंवा ज्योत असलेलं उपकरण जमिनीपासून १८ इंच वर ठेवायला लावतात. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती फरशीवर पसरून बसते, वर येत नाही. म्हणजे जो हीटर आपण पायाशी ठेवतो, तो बरोबर तिच्या मांडीवर ठेवतो.

१७ डिसेंबर, बुधवार
मेट्रोने मंडई, तिथून चालत तपकीर गल्ली. पहिल्या दुकानात "गॅरेजसाठी हीटर" म्हटलं. "कुठंशी टाकलंय गॅरेज?" आपल्याकडे गॅरेज म्हणजे मेकॅनिकचं दुकान; घराच्या गाडीच्या खोलीला धड शब्दच नाही. दुसऱ्या दुकानात नुसतं "शेडसाठी" म्हटलं.

हॅलोजन, तीन नळ्या, प्रत्येकी ४००. स्वस्त, लगेच तापतो, कलंडला तर बंद पडतो. पण लालभडक नळी गुडघ्याच्या उंचीवर आणि शेजारी स्कूटरची टाकी. नको.

ब्लोअर, २००० वॅट. दुकानदाराने चालू करून तोंडावर धरला, बरं वाटलं. पण माझ्या खोलीत ग्राइंडरची आणि पॉलिश पेपरची धूळ. ती आत ओढून, तापलेल्या तारेवर भाजून, परत माझ्याच नाकात.

तेलाचा रेडिएटर, अकरा पात्यांचा. सगळ्यात सभ्य माणूस. लाल होत नाही, आवाज करत नाही. बेडरूमला उत्तम. पण त्याचा स्वभाव धिमा: हवा तापवणार, हवेने मला तापवायचं. तोवर माझी चहाची वेळ होते.

भिंतीवरचा इन्फ्रारेड, १००० वॅट, काळ्या जाळीचा. हा बघितला आणि थांबलो. आमच्या लाइनवर ओव्हनच्या आधी असाच बोगदा होता. तिथला सुपरवायझर नव्या पोरांना सांगायचा, "इथे पार्ट भाजतो, हवा नाही." किंमत हॅलोजनच्या कितीतरी पट. न घेता परत आलो. भाव ऐकून एकदा घरी यायची सवय जुनी आहे.

२० डिसेंबर, शनिवार
म्हाळुंग्याला जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपवर. चाकणचा तळेगाव चौक पार करायलाच पाऊण तास. उशीर झाला, परतताना तिसऱ्या पाळीची वेळ. रस्त्याकडेला कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं पॅलेटच्या फळ्या पेटवून हात शेकत होती. कानटोपी, मफलर, पाठीला डब्याची सॅक. मीही पाच मिनिटं उभा राहिलो. तळवे गरम, पाठ बर्फ. शेकोटीचं असंच, पण ऊब अशी की बोलणं आपोआप सुरू होतं.

मित्राचा सल्ला होता, घमेल्यात कोळसे ठेव, फुकट काम. उघड्यावर ठीक आहे. शटर ओढून आत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, खोकला नाही, नुसती झोप येते. त्याला म्हटलं, स्कूटर पूर्ण व्हायची आहे अजून.

२३ डिसेंबर, मंगळवार
दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खोली दहा बाय सोळा फूट, म्हणजे पत्रा साधारण १५ चौरस मीटर. एकेरी पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाला सहा-सात वॅट निसटतात. आत फक्त ८ अंश वाढवायचे म्हटले तरी छतच पाऊण किलोवॅट गिळणार. शटर वेगळं, भिंती वेगळ्या, आणि शटरखालची दोन बोटांची फट तर हिशेबातच येत नाही. २००० वॅटचा हीटर रोज तीन तास म्हणजे महिन्याला १८० युनिट. वीजबिलाचा पहिला टप्पा शंभरपर्यंत, दुसरा तीनशेपर्यंत. आमचं घर आत्ताच दुसऱ्यात असतं; १८० मिळवले की तिसऱ्यात. इन्फ्रारेड १००० वॅट, दोन तास: महिन्याला ६०.

खोली तापवायचीच नाही. सोळा फुटांतला मी चार फुटांत उभा असतो. मला तापवायचं.

संध्याकाळी आधी फुकटचं काम केलं. कन्व्हेअर बेल्टच्या जुन्या रबराची पट्टी शटरच्या खालच्या कडेला नट-बोल्टने मारली. बेंचसमोर उभं राहायला लाकडी फळी टाकली. अर्धी थंडी पायातून येत होती हे फळीवर उभं राहिल्यावर कळलं.

२७ डिसेंबर, शनिवार
इन्फ्रारेड आणला. वायरमन आला. बोर्ड उघडून हसला. "काका, ह्या वायरीवर फक्त बल्ब लावा." तीस वर्षांपूर्वीची वायर, सहा अँपिअरचा सॉकेट. १००० वॅट म्हणजे साडेचारच्या आत अँपिअर, चाललं असतंही कदाचित. पण त्याच बोर्डवर ग्राइंडर आणि ड्रिल आहे. नवी अडीच स्क्वेअरची वायर, सोळाचा पॉइंट, वेगळा एमसीबी, घरात नसलेला आरसीसीबी. हीटरपेक्षा या कामाला जास्त पैसे गेले. ही म्हणाली, स्कूटरच विकायची होती. पण बाथरूमच्या गिझरचं अर्थिंग सुटलेलं त्याच निमित्ताने सापडलं, त्यावर दोघंही गप्प.

हीटर बेंचच्या वर सात फुटांवर, खाली तिरपा. पेट्रोलचा कॅन आणि थिनर अंगणातल्या कपाटात. टाकी उघडायची असेल त्या दिवशी हीटर बंद आणि शटर वर, मग बोटं बधिर झाली तरी चालेल.

४ जानेवारी, रविवार
एम-सील परवापर्यंत घट्ट व्हायला दुपार करत होतं, आज चहा होईस्तोवर आवळलं. थर्मामीटर मात्र अजून १३ वरच. त्याला काही कळलेलं नाही.

सातला ही स्टीलचं पातेलं घेऊन आली. इडलीचं पीठ रात्रभर फुगलं नाही, पाहुणे दुपारी. "तुमच्या दिव्याखाली ठेवते." बेंचच्या टोकाला ठेवलं. तासाभराने बघितलं, पातेलं गारच. चकचकीत स्टील ते किरण परत पाठवतं. लाइनवर पॉलिश केलेले पार्ट असेच हट्टी असायचे, पावडर बसली की लगेच तापायचे. पातेल्याला रंग लावणं शक्य नव्हतं. मग माझं कंपनीचं जुनं काळपट जॅकेट काढलं, पातेल्याभोवती गुंडाळलं, खिशावरचा कंपनीचा बिल्ला वर, आणि समोर स्टूल घेऊन बसलो, कापड फार तापतंय का ते मधूनमधून हाताने बघत.

साडेबाराला झाकण अर्धा इंच उचललं गेलं होतं.