परसातला वैशाख

हवापाणी हा सभ्य माणसांच्या संभाषणातील सर्वांत निरुपद्रवी विषय समजला जातो. ज्याची ओळख नुकतीच झाली आहे, ज्याचे राजकीय मत ठाऊक नाही आणि ज्याच्याशी भांडण्याची इच्छाही नाही, अशा गृहस्थापाशी "काय हो हा उन्हाळा!" एवढे म्हटले की दहा मिनिटे सुखाने जातात. ह्या विषयात कोणाचेच काही अडकलेले नाही, हे बोलणारा व ऐकणारा असे दोघेही जाणून असतात. उकाडा वाढला तर पंखा जोरात लावावा. वळीव आला तर गॅलरीत उभे राहून घरात भज्यांची वर्दी द्यावी. परंतु ज्याच्या दारी चार झाडे आहेत तो मनुष्य ह्या संभाषणात निराळा ओळखू येतो. तो बोलताना समोरच्याकडे न पाहता आभाळाकडे पाहतो, आणि बाजारभावाविषयी बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या स्वरात असावी तशी एक काळजी त्याच्या स्वरात असते. त्याचे भांडवल आभाळात गुंतलेले असते. ते भांडवल म्हणजे दोन आळी दोडक्याची आणि एक लिंबाचे झाड एवढेच असेल. पण गुंतलेले असते हे खरे.

पुण्यासारख्या शहरात घरामागे पन्नास चौरस मीटर मोकळी जमीन उरली आहे हे सांगणे म्हणजे हल्ली श्रीमंतीचा टेंभा मिरवण्यासारखे आहे. म्हणून आम्ही ते चारचौघांत सांगत नाही. त्या जमिनीत आईने लावलेले लिंबाचे झाड आहे, शेवगा आहे, कढीपत्ता आहे, मोगऱ्याची तीन झुडपे आहेत, न्हाणीच्या बाहेर अळू आणि केळ आहे, आणि कुंपणाशी कोणी न लावलेला कडुलिंब आहे. बाकीचे हंगामी. ह्या मंडळींचे वर्ष चैत्रापासूनही मोजता येत नाही आणि जानेवारीपासूनही येत नाही. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा आरंभ वसंताने न करता ग्रीष्माने केला. त्याचे कारण काव्यशास्त्रात काय सांगतात ते असो, बागेचे वर्ष खरोखरीच ग्रीष्मापासून मोजावे असे आमचे मत झाले आहे. वर्षभर केलेल्या मशागतीची परीक्षा तेव्हा होते, आणि पुढच्या वर्षी कोण उरणार ह्याची यादीही तेव्हाच ठरते.

उष्णतेची लाट कशास म्हणावे ह्याची हवामानखात्याने व्याख्या केली आहे. मैदानी मुलुखात पारा निदान चाळीस अंशांवर गेला आणि तो नेहमीच्या सरासरीहून साडेचार अंश किंवा त्याहून अधिक वर चढला, म्हणजे लाट. पंचेचाळीस अंशांपर्यंत गेला तर सरासरीची चौकशी न करताही लाट. व्याख्या शास्त्रशुद्ध आहे. तथापि झाडे हवामानखात्याच्या निवेदनाची वाट पाहत नाहीत. पारा पस्तिशी ओलांडू लागला की टोमॅटोच्या फुलातील पराग निकामी होऊ लागतो, आणि भरगच्च फुललेल्या रोपाखाली सकाळी पिवळ्या फुलांचा सडा पडलेला दिसतो. मिरची हेच करते. ज्या वर्षी फळे धरून पोसण्याची ऐपत नाही त्या वर्षी फुले गाळून टाकावीत, एवढा व्यवहार त्या रोपांस कळतो. उलट मोगऱ्याचे पाहावे. सगळे परस करपत असता तो असा काही बहरतो, की हे ऊन त्याच्यासाठीच पडले असावे असे वाटते.

नव्या बागवानाचे काळीज दुपारी फाटते. दुधी भोपळ्याची पाने बारा वाजता ओल्या फडक्यासारखी लोंबू लागतात, आणि तो बादली घेऊन धावतो. वस्तुतः हे लोंबणे पुष्कळदा तहानेचे नसते. पानांतून जेवढे पाणी उडून जाते तेवढे मुळांना त्या घटकेस ओढता येत नाही, म्हणून झाड आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून घेते आणि मान खाली घालून ऊन उतरण्याची वाट पाहते. सायंकाळी तेच पान पुन्हा ताठ झालेले दिसते. झाडाची विचारपूस पहाटे करावी. पहाटेही जे पान लोंबत असेल तेच खरे तहानलेले. पाण्याविषयीही असाच एक कठोर नियम आहे. रोज थोडे थोडे पाणी मिळाले की मुळे वरच्या चार बोटे मातीत रेंगाळतात, आणि तीच माती आधी तापते. चार दिवसांनी पण भरपूर पाणी दिले, आळ्यात पालापाचोळ्याचे जाड अंथरूण घातले, की मुळे ओलाव्याच्या मागे खाली उतरतात. लाडात वाढलेल्या मुलांविषयी आमच्या वडीलधाऱ्यांची जी मते होती, ती त्यांनी माणसे पाहून बनवली की झाडे पाहून, हे आम्हांस अजून उलगडलेले नाही.

परंतु हे सारे शहाणपण पाणी असताना चालते. २०१६ च्या उन्हाळ्यात ते नव्हते. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. आमच्याकडे नळास एक दिवसाआड पाणी येई. लातूरच्या मानाने ते सुखच म्हणावयाचे. घरकामास येणाऱ्या मावशी मूळच्या लातूरकडच्याच. एके सकाळी आम्ही लिंबाच्या आळ्यात दुसरी बादली ओतत असता त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "काका, एवढ्या पाण्यात गावाकडं आमच्या घरचे दोन दिवस निघतेत." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता. मग त्याच म्हणाल्या, "तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीतच जातंय न्हवं? ते घाला लिंबाला. लिंबाला काय कळतंय, पाणी कोरं का उष्टं!"

ह्या एका वाक्यात परसाची सगळी जुनी विद्या सामावलेली आहे. अळू न्हाणीच्या मागेच का, केळ मोरीच्या तोंडाशीच का, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. पण ती रचना कशासाठी असते हे त्या दिवशी नीट ध्यानात आले. जुन्या घरात कोऱ्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा व गुरांचा असे. झाडांच्या वाट्यास येई ते एकदा कामी आलेले पाणी, आणि त्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली. आमच्या घरातील उष्टे पाणी मोजून पाहिले तेव्हा ते दिवसास चार बादल्या भरले. मग चार बादल्यांत कोण बसते ते ठरवावयाचे होते. कडुलिंब व शेवगा ह्यांस काही द्यावयाचे नव्हते, त्यांचे ते पाहतील. अळू व केळ न्हाणीवर. लिंबाची मुळे फार खोल जात नाहीत, म्हणून त्याच्या आळ्यात दोन कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरली. मडके भरून तोंडावर झाकणी ठेवली की पाणी सावकाश पाझरते आणि उन्हास सापडत नाही. मोगऱ्याच्या वाट्यास एक बादली आली. गुलाब, मिरची, दोडका आणि शोभेची सारी कुंड्यांतली मंडळी यादीबाहेर राहिली.

यादी करणे सोपे असते. यादीबाहेर राहिलेल्या झाडावरून रोज सकाळी भरलेली बादली घेऊन पुढे जाणे सोपे नसते. गुलाब आठवडाभर मरत होता. वर्तमानपत्रात टँकरची वेळापत्रके आणि पाणीवाटपाची भांडणे आम्ही इतकी वर्षे वाचत आलो. पण वाटप म्हणजे काय, हे त्या आठवड्यात, तेही केवळ एका गुलाबापुरते, आमच्या हातास कळले. ज्यांना हीच यादी गोठ्यातील जनावरांची करावी लागते, त्यांच्या सकाळी कशा उगवत असतील ह्याची कल्पना त्यानंतर आम्ही वारंवार केली आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. पावसाळा आमच्याकडे पश्चिमेकडून येतो, वळीव पुष्कळदा पूर्वेकडून. त्यामुळे तो नेहमी परक्या माणसासारखा मागच्या दाराने आल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो परका नसतो, तो उन्हाचाच पुत्र. समुद्रावरची दमट हवा तापलेल्या जमिनीवर येते, तळाशी तापून हलकी होते आणि वर चढते. वर गारठली की तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात. ते होताना जी उष्णता सुटते ती ढगास आणखी वर लोटते, आणि दुपारी हंड्याएवढा दिसलेला ढग सायंकाळपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीचा डोंगर होऊन बसतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे कण एकमेकांवर आदळून विजेचे भार वेगळे होतात. त्याच्याच पोटात गारा वर-खाली होत मोठ्या होतात. ज्या उन्हाने महिनाभर झाडे जाळली, त्यानेच हे पाणी वर उचलून धरलेले असते. ज्याने गांजले त्याच्याच हातून सुटका यावी, आणि तीही थप्पड मारूनच यावी, हा वैशाखाचा स्वभाव आहे.

आधी वारा पडला. मग धूळ उठली, कडुलिंब एका अंगावर वाकला आणि दोडक्याचा रिकामा मांडव उचलला जाऊन शेजारच्या भिंतीवर जाऊन पडला. पहिले थेंब पडताच तो वास आला, ज्याला १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोघा शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' हे नाव दिले आणि ज्याचे अत्तर कनोजचे गंधी पूर्वापार काढीत आले आहेत. अशा वेळी बागवानास बाहेर धावण्याचा मोह होतो, तो आवरावा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनाने भागले म्हणजे अंतर किलोमीटरांत निघते. मोजणी तिसाच्या आत आली की कुदळ टाकून घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच राहावे. झाडाचा आसरा तर कधीच घेऊ नये. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानसंस्थेने 'दामिनी' नावाची सोय मोबाइलवर करून ठेवली आहे. ती जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. परंतु सूचना मिळाल्यावर शिरण्यास जवळ घर असावे लागते, आणि उघड्या रानात कामास असलेल्या माणसांजवळ ते पुष्कळदा नसते. दरवर्षी वळवाच्या दिवसांत विजेने माणसे दगावतात, त्यांत शेतात राबणारी आणि झाडाखाली उभी राहिलेली फार असतात.

अर्ध्या तासाने आम्ही हिशेब पाहावयास बाहेर आलो. शेवगा मध्यावर मोडला होता. त्याचे लाकूड ठिसूळ, त्याचे नवल नाही. कुंपणापलीकडची पपई आडवी झाली होती. ज्या लिंबासाठी एवढा खटाटोप केला, त्याची दक्षिणेकडची फांदी खोडापासून चिरली होती, आणि आळ्यात हिरवी लिंबे व विरघळत चाललेल्या गारा एकत्र पडल्या होत्या. जमेची बाजू मांडावयाची तर चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. त्या दिवशी वीस मिलिमीटर पडला असे धरले, तर आमच्या परसात एक हजार लिटर पाणी उतरले. म्हणजे पन्नासांवर बादल्या! सुमारे दोन आठवड्यांचे देणे आभाळाने अर्ध्या तासात फेडले. त्यातले अर्धे तापून टणक झालेल्या जमिनीवरून वाहून गटारात गेले ही गोष्ट वेगळी. ज्या आळ्यांत पाचोळा होता तेथले मात्र जिरले.

चिरलेली फांदी करवतीने साफ कापताना आमच्या मनात २०१४ चे फेब्रुवारी-मार्च आले. त्या वेळी मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्र येथे गारपिटीने काढणीस आलेला गहू व हरभरा झोडपला, द्राक्षांचे मांडव भुईसपाट केले. आम्ही तेव्हा गारांची छायाचित्रे पाहून हळहळलो होतो. पण एका फांदीसाठी जे वाटते त्यास एकरांनी व कर्जाच्या आकड्याने गुणावे लागते, हा गुणाकार करवत हातात असतानाच सुचतो. कोणी म्हणेल, चार कुंड्यांच्या जोरावर शेतकऱ्याच्या दुःखाशी नाते सांगणे हा शहरी माणसाचा दिमाख आहे. आक्षेप रास्त आहे. आमचे लिंबू गेले तर आम्ही मंडईतून आणू. त्याचे गेले तर त्याचे वर्ष जाते. नाते आम्ही सांगत नाही. एवढेच म्हणतो, की हवामानाची बातमी ही करमणूक नव्हे, ते कोणाचे तरी देणे-घेणे आहे, हे समजण्यापुरती तरी जमीन प्रत्येकाच्या वाट्यास यावी. ती एका कुंडीएवढी असली तरी चालेल.

शेवग्याच्या बुंध्यास तीन आठवड्यांत कोंब फुटले. लिंबाच्या जखमेस शेणमातीचा लेप लावला. ते झाड अजून आहे, एका बाजूस ओके दिसते, पण फळते. गुलाब गेला तो गेलाच. मावशींनी सांगितलेली पाण्याची व्यवस्था पुढे मुबलक पाणी आले तेव्हाही आम्ही मोडली नाही. हे लिहीत असता पुन्हा वैशाखच चालू आहे, पूर्वेकडे ढग चढत आहेत, आणि मृग लागण्यास पंधरा दिवस उरले आहेत. तेवढ्यात दोडक्याची आळी खणून, त्यांत पाचोळा भरून ठेवावयास हवा. आणि मांडव ह्या खेपेस जरा खोल रोवलेला बरा.