आज उजव्या पायाला सुट्टी

परवापर्यंत मला ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं आणि आज मी भेटेल त्याला धरून फुटबॉल सांगत सुटले आहे. काय करू, राहवतच नाही!

आमचं हैदराबादच्या गौलीगुड्यातलं जुनं मराठी घर. खेळ म्हणजे क्रिकेट, फार तर कॅरम. पण आठ वर्षांच्या चिरंजिवांनी फुटबॉलचा हट्ट धरला, म्हणून एका चकचकीत अकादमीत नाव घातलं. हिरवंगार टर्फ, पाठीवर नाव छापलेली जर्सी, फी आगाऊ. लेक घरी यायचा तो जर्सीची इस्त्रीसुद्धा न मोडता! एक दिवस जाऊन बसले. वीस मुलं रांगेत, चेंडू एक, तोही मोठ्यांचा पाच नंबरचा. तासाभरात लेकाच्या पायाला चेंडू लागला सात वेळा. मोजलं मी.

मग शेजारच्या काकांनी जवळच्याच एका शाळेच्या मैदानावर नेलं. धूळ, फाटकी जाळी. पण बारा मुलं आणि बारा चेंडू, चार नंबरचे! सर ओरडले, "आज सीधे पाँव की छुट्टी!" प्रत्येकाच्या उजव्या बुटाला लाल रिबीन. त्या पायानं चेंडू मारला की चेंडू समोरच्यांचा. आमचा दोनदा आपटला. तिसऱ्यांदा डाव्या पायानं चेंडू ढकलला, तो वाकडातिकडा जेमतेम चार हात गेला. सर उकिडवे बसले, त्याची सुटलेली लेस बांधली आणि म्हणाले, "फिर से, मियाँ." दहा मिनिटांत मी साठपर्यंत मोजलं, पुढे नाद सोडला.

ही युक्ती कुणाची, विचारलं. "रहीम साब की!" सय्यद अब्दुल रहीम हो! काचीगुडा, चादरघाटच्या शाळांत शिकवणारे मास्तर. म्हणजे आमच्या घरापासून पायी जावं इतकं जवळ! केवळ कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा ते भरवत. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 ओळीनं पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप आणला. त्यांच्याच हाताखाली भारताला 1951 आणि 1962 साली आशियाई खेळांत सुवर्ण, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. 1962 चं ते सुवर्ण जिंकताना जाकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवलं तेव्हा साहेबांना कॅन्सर होता. पुढच्याच वर्षी गेले. आणि मला हे चाळिशीत कळतंय! त्यांच्यावरचा 'मैदान' सिनेमा आला तेव्हाही मी गेले नाही, बघा.

तर आईबाबांनो, कोचकडे फुटबॉल महासंघाचं लायसन्स आहे का, ते विचाराच. पण पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ कडेला उभे राहा. चेंडू मोजा. आणि सगळ्यात कच्च्या पोराशी सर कसे बोलतात, तेवढं ऐका.