जांबोटीच्या पलीकडचा फाल्गुन

आम्हा बेळगावकरांना घाट म्हटलं की चोर्ला आठवतो आणि चोर्ला म्हटलं की पावसाळा. धबधबे, धुकं, गरम कणीस आणि मोबाईल हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली पोरं. मला विचाराल तर तो मुलूख बघावा फाल्गुनात. सकाळी अंगावर स्वेटर लागतो, अकराला तो काढावा लागतो, आणि रानाला एकाच वेळी पानगळही असते, पालवीही असते.

आम्ही गेलो ते मात्र सहलीला नव्हे. सौ.चं माहेर कणकुंबीच्या आत, एका आडगावात. (नाव मुद्दाम देत नाही, पाहुणे रागावतील.) तिचा भाऊ गेला त्याला चार वर्षं झाली. भाच्यानं हक्कसोड पत्राचा मसुदा पाठवला होता. दोघी धाकट्या बहिणींनी सही करायचं कबूल केलं होतं, राहिली ही. मी म्हटलं, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हिस्सा आहे, सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. ती म्हणाली, "सही करतो की. नाही कोण म्हणतंय? पण एकदा बघून येतो." आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. पुण्याची सून अजून हसते.

सहाला निघालो. पिरनवाडी, किणये, मग कुसमळीला मलप्रभेवरचा पूल. जांबोटीपर्यंत गोव्याच्या लॉऱ्या जीव खातात, पण हमरस्ता सोडून आतल्या फाट्याला लागलं की एकदम शांत. हे रस्ते मला पाठ आहेत. ऐंशीच्या दशकात मी या तालुक्यात फील्ड ऑफिसर होतो. बी.कॉम. झालेला माणूस, पण बँकेनं हातात राजदूत दिली आणि म्हशी मोजायला पाठवलं. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत म्हशीसाठी कर्ज, त्यात अनुदान. वसुलीला गेलं की म्हैस मेलेली, आणि पुरावा म्हणून कानातला बिल्ला समोर आणून ठेवायचे. एकाच म्हशीचा बिल्ला दोन घरांत बघितल्याचंही आठवतंय. पण जेवल्याशिवाय कुणी सोडत नसे, हेही तितकंच खरं.

तेव्हा कच्चा धुरळा होता, आता डांबर आहे, अधूनमधून. वळणावळणाला काटेसावर पेटलेली, खाली लाल फुलांचा सडा. पांगारा फुललेला. कुसुंबाला कोवळी तांबडी पालवी, लांबून बघणाऱ्याला तीही फुलंच वाटावीत. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झालेल्या, त्यांचा वास गाडीची काच खाली केल्याशिवाय कळत नाही, म्हणून एसी बंद. काजूला मोहोर आणि बोंडं एकाच फांदीवर. एका उतारावर वणव्यानं काळं पडलेलं रान लागलं आणि त्या काळ्यातूनच हिरवे कोंब वर आलेले. सौ. काही बोलत नव्हती. तिला माहेर जवळ आलं की ती गप्प होते, पन्नास वर्षं बघतोय.

कणकुंबीला माउलीचं दर्शन घेतलं. मलप्रभेचा उगम इथलाच. ही नदी पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळ नवलतीर्थाच्या धरणात अडते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. आणि याच डोंगरात भीमगडाच्या रानात देगावकडे उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. एकाच पावसाच्या दोन दिशा. पाऊस तरी केवढा! जवळच्या आमगावला २०१० साली १०,००० मिलिमीटरच्या वर नोंदला गेला. एवढं पाणी पडतं आणि एप्रिलात बायका घागरी घेऊन वणवण करतात. कळसा-भांडुऱ्याच्या वादात आज शिरत नाही, लवादाचा निकाल २०१८ ला लागला तरी भांडण आहे तिथंच आहे.

घरी पोचलो तर वहिनी पडवीतच. "आलाव काय वन्सं? बसा, पाणी देतो." जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, नाचणीची भाकरी, तांबड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. जेवून सौ. एकटीच मागच्या परड्यात गेली. अर्ध्या तासानं मी शोधायला गेलो, तर झऱ्याच्या कुंडीशी बसलेली. वर सुरंगीचं जुनं झाड, खोडालाच चिकटून फुलं, मधमाशा घोंघावतायत. म्हणाली, "आईनं मला इथंच न्हाऊ घातलं होतं." आणि मग, "हा एक नंबर सोडून बाकी सगळ्यावर सही करतो."

खरी गोष्ट इथून सुरू झाली. भाचा होंड्याच्या वसाहतीत कारखान्यात आहे, पोरगी बेळगावात इंजिनिअरिंगला. शेती गवे ठेवत नाहीत, पावसाळ्यात चार महिने रेंज नाही. एक पार्टी जमीन घ्यायला तयार आहे, रिसॉर्टसाठी. २०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, तेव्हापासून या बाजूला पांढऱ्या गाड्या दिसायला लागल्या. उतारा कन्नडमध्ये, म्हणून भाच्यानं माझ्यापुढं ठेवला. मी चष्मा लावून नंबर बघितले. झऱ्याचा तुकडा अकरा गुंठे. बँकेत इतकी वर्षं तारण मूल्यांकन केलं म्हणून सांगतो, जमिनीचा दर एकरानं बोलतात, पण घेणारा मोजतो पाणी. अकरा गुंठे गेले तर उरलेल्या पाच एकरांना ती पार्टी विचारणार नाही.

भाचाही तेच म्हणाला. "आत्ती, त्या एका नंबरासाठी सगळं अडून बसंल बघ. पोरीची फी काय झऱ्यातनं भरू?"

त्याचं चुकीचं नव्हतं. सौ. काही बोलेना. मामा म्हणून मी मध्ये पडावं अशी त्याची अपेक्षा होती, मी पडलो नाही. हिस्सा तिचा, झाड तिचं. फक्त एवढं सांगितलं की पोरीच्या फीसाठी शैक्षणिक कर्जाचे कागद मी करून देतो, त्यासाठी घर विकावं लागत नाही.

तेव्हा वहिनी आतून आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "नळाला एप्रिलात थेंब येत नाही. मी त्या कुंडीतलंच पाणी भरतो. विकल्यावर मी कुठं राहायचं, ते अजून कुणी मला विचारलं नाही."

भाचा उठून अंगणात गेला. बराच वेळ विडी ओढत होता. निघताना त्यानं डिकीत काजूबियांची पिशवी ठेवली आणि मला म्हणाला, "मामा, त्या कर्जाला जामीन कोण लागतंय?" मी नियम सांगितले.

येताना खानापूरवरून आलो. रस्ता लांबचा, पण उजेड होता आणि घाई नव्हती. सौ.नं ओचात सुरंगीची फुलं भरून आणली होती, गाडीभर वास. खानापूर आल्यावर म्हणाली, चहा घेऊ या.

मसुदा कपाटात आहे. रविवारी भाचा पोरीला घेऊन येणार आहे, मार्कलिस्टा आणि आधार कार्ड घेऊन ये म्हणून कळवलंय. वहिनीही येणार आहेत, हे त्यानं आपणहून सांगितलं.