दीड कोसाचें स्थलांतर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ज्या पिढ्यांनीं ती रूढ केली, त्यांजवर बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग फारसा येत नसावा. नाहींतर ‘बिऱ्हाड पाहावें हलवून’ हा तिसरा चरण त्यांनीं खचित जोडला असता. काशी-रामेश्वराचीं आणि हिमालयाचीं प्रवासवर्णनें मासिकांतून नेहमीं येतात. आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तो प्रवास सदाशिव पेठेपासून कोथरुडापर्यंतचा, म्हणजे अवघ्या दीड कोसाचा आहे. पायीं निघालेला मनुष्य तो सव्वा तासांत पुरा करतो. गेल्या वैशाखांत आमच्या बिऱ्हाडास त्याच वाटेनें जावयास एका पहाटेपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत वेळ लागला.

या विलंबाचा मोठा वांटा पुण्याच्या पेठांच्या रचनेकडे जातो. सदाशिव पेठ नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत वसली व तिला त्यांचे चुलतबंधु सदाशिवरावभाऊ यांचें नांव मिळालें. त्या काळीं रस्ता म्हणजे पायीं चालणारे, घोडेस्वार, पालखी आणि फार तर एखादी बैलगाडी जाईल एवढी वाट. वाड्याची बांधणीही त्याच धोरणाची. बाहेरून उंच भिंत, तिला एकच मोठा दरवाजा, त्या दरवाजांत वाकून शिरावें अशी लहान दिंडी. आंत चौक, ओसरी, माजघर. आणि माडीवर जाणारा जिना भिंतीच्या जाडींत दडविलेला, एका वेळीं एकच मनुष्य चढेल असा. नको त्या माणसानें सहज आंत येऊं नये याची पूर्ण दक्षता या बांधणींत घेतलेली आहे. आंतल्यांना कधीं सामानसुमानासह बाहेर पडावें लागेल, हा विचार मात्र बांधणाऱ्याच्या मनास शिवलेला दिसत नाहीं. पुढें १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत झालेल्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं जवळजवळ होतीं तेथेंच राहिलीं, आणि भाडेकरूही होते तेथेंच राहिले. तीन तीन पिढ्या दोन खोल्यांत नांदल्या. जेथें मनुष्य हलत नाहीं तेथें वस्तूही हलत नाहींत. त्या सांचत जातात.

आमचा वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहावयाची आहे. एका चुलीवर जेवणारीं तीन भावांचीं तेरा माणसें तीन दिशांस जाणार होतीं : आम्ही कोथरुडास, मधले बंधु सिंहगड रस्त्यास आणि धाकटे बाणेरास. माळ्यावरून तांब्याचे हंडे, पितळी पिंप, पुरणयंत्र, रोवळ्या, दोन डझन पाट आणि पन्नास वर्षांचीं पंचांगें निघालीं. एक लाकडी पाळणा निघाला. वाड्यांतील सगळीं मुलें त्यांत झोपलेलीं. तो कोणीं न्यावा यावर दोन दिवस वाटाघाटी चालल्या. प्रत्येक घर दुसऱ्यास आग्रहानें ‘तुम्हीच न्या’ म्हणत होतें, कारण तिन्ही नव्या घरांत पाळण्याची कडी अडकवावी असा वांसाच नव्हता.

गृहप्रवेशास माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे महिने प्रशस्त मानतात. आमची वेळ सकाळीं आठच्या आंतली निघाली. मुहूर्त साधेल कीं नाहीं याची काळजी घरांतील तरुण मंडळींस फार. आम्हांस तितकी नव्हती. कारण आपल्या पूर्वजांनीं या अडचणीवर ‘प्रस्थान ठेवणें’ ही मोठी व्यवहारी युक्ति योजून ठेविली आहे. निघण्याचा मुहूर्त आला, पण प्रत्यक्ष निघणें शक्य नसलें, तर आपली एखादी वस्तु, सुपारी, नारळ किंवा वस्त्र, त्या वेळीं शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवावी, म्हणजे आपण निघालों असें समजतात. मात्र राजानें दहा रात्रींच्या आंत, मांडलिकानें सातांच्या आणि तुम्हांआम्हांसारख्यानें पांचांच्या आंत खरोखर निघालें पाहिजे. निघण्याच्या दिवशीं उशीर व्हावयाचाच, हें शास्त्रकारांना पक्कें ठाऊक होतें; त्यांनीं त्याला नियमांतच जागा करून दिली. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. ज्या थोरल्या बाजीरावांच्या घोडदळाच्या वेगाची भल्या भल्यांनीं धास्ती घेतली, त्यांनाही स्वतःच्या घरांत शिरावयास दोन वर्षें थांबावें लागलें. मग आम्हीं घाई कां करावी?

आम्हीं शेजारीं प्रस्थान ठेविलें. निघण्याच्या दिवशीं पहाटे धाकटा मुलगा व सूनबाई देव, समई, पाण्याचा कलश आणि मिठाची वाटी घेऊन रिक्षानें पुढें गेलीं. मुहूर्तावर दूध उतूं गेल्याचा निरोपही आला. येथवर सारें यथासांग झालें.

हमालांचे मुकादम सहाला येणार होते, ते नऊला आले. गल्लींत दोन्ही बाजूंस दुचाक्या उभ्या, त्यामुळें टेंपो गल्लीच्या तोंडाशींच राहिला. वाड्यापासून तेथपर्यंत सामान नेण्यास हातगाडी शोधावी लागली. ती मिळाली तेव्हां दहा वाजले होते. मग माडीवरचें शिसवी कपाट पुढें आलें. चौघांनीं तें उचललें, जिन्याच्या तोंडाशीं आणलें, आडवें केलें, उभें केलें, आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेविलें. मुकादम घाम पुसत म्हणाले, “काका, हे कपाट वर गेलं कसं ते सांगा, मग खाली कसं आणायचं ते मी सांगतो.” प्रश्न रास्त होता. तें कपाट वर गेलेंच नव्हतें. आमच्या आजोबांनीं सुतारास माडीवर बसवून तें तेथेंच करवून घेतलें होतें. सुतार बोलावला, सांधे उकलले, फळ्या एकेक करून उतरल्या. एक वाजून गेला.

या साऱ्या गडबडींत एकच व्यक्ति स्वस्थ होती. आमच्या काकूंना पंच्याऐंशी उलटलीं. “मी शेवटच्या फेरीला येईन,” असें सांगून त्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. कोणी उशिराबद्दल चिडून बोललें कीं त्या म्हणत, “होतोय उशीर तर होऊं द्या रे. गाडी चुकायची आहे का कुणाची?”

आमचा टेंपो निघाला तो लकडी पुलाशीं थांबला. पुढें कर्वे रस्त्यावर एका बाजूस खोदकाम, दुसऱ्या बाजूस वाहनांची रांग, आणि डोक्यावरून दर कांहीं मिनिटांनीं मेट्रो सुखानें पुढें जाई. टेंपोंत चालकाशेजारीं, मांडीवर पंचपाळें धरून बसलेल्या आम्हांस त्या वेळीं ज्यांच्या नांवाचा तो रस्ता, त्या महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें स्मरण झालें. त्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं काढलेला आश्रम १९०० सालीं हिंगण्यास एका झोंपडींत गेला. तेव्हां या बाजूस वस्ती नव्हती. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत आणि आश्रमाकडे जाण्यासाठीं ही वाट पायीं तुडवीत, पावसाळ्यांत चिखलांतून. त्यांच्या पायांना जी वाट अडली नाहीं, ती आमच्या चार चाकांना पाऊण तास अडली. आश्रम शहराबाहेर नेण्यास पुण्यांतील प्लेग हेंही एक कारण होतें. त्याकडे आम्ही पुन्हा वळूं.

नव्या इमारतीच्या दाराशीं पोहोंचलों तों पहारेकऱ्यानें हात आडवा केला. सोसायटीचा नियम असा कीं सामान लिफ्टनें न्यावयाचें तें सकाळीं दहा ते एक आणि दुपारीं चारनंतर. शिवाय चिटणिसांचें पत्र पाहिजे. चिटणीस कचेरींत गेलेले. आमचें घर सहाव्या मजल्यावर. हमालांनीं टेंपोच्या सावलींत भाकऱ्या सोडल्या. चारला पत्र आलें, सातला शेवटची फळी वर गेली, आणि चालकानें नम्रपणें सांगितलें कीं आज दुसरी फेरी होणें नाहीं. बंधूंचें सामान तर वाड्यांतून हललेंही नव्हतें. नव्या घरांत देवाजवळ मुलगा व सून राहिलीं. आम्ही परत वाड्यांत आलों. अशा रीतीनें अकरा माणसांची एक रात्र त्या घरांत अधिक झाली.

विजेचें जोडणें सकाळींच तोडून नेलें होतें. शेजाऱ्यांकडून कंदील आणि शेगडी आली. काकूंनीं निवडलेले तांदूळ कामास आले. पिठलें-भात झाला, पत्रावळी मांडल्या आणि चौकांत पंगत बसली. जेवणें झाल्यावर मधल्या बंधूंच्या नातीनें सहज विचारलें, “आजी, सकाळी दूध उतू घालवताना तुम्ही का नाही गेलात? आईच्या वेळीही तुम्ही उभ्या राहिला नव्हतात म्हणे.” हा प्रश्न घरांत पूर्वीं अनेकांच्या मनांत आला होता, विचारला कोणीं नव्हता.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीं १२ जुलै १९६१ ची हकीकत सांगितली. त्या दिवशीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी नारायण, शनिवार, कसबा या नदीकांठच्या पेठांत शिरलें, एवढें आपण सर्व जाणतों. काकू बाळंतपणासाठीं माहेरीं आलेल्या. माहेर ओंकारेश्वराजवळ, मूल तीन महिन्यांचें. चुलीवर दूध तापत होतें. पाणी ओट्यास लागलें तशी आई ओरडली, “दूध घे, पोराला लागेल!” एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातांत फडक्यानें धरलेलें तें तपेलें, एवढ्यावर त्या घराबाहेर पडल्या आणि गर्दींतून आमच्या या वाड्यांत आल्या. पाणी ओसरल्यावर माहेरीं गेल्या तेव्हां मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या; घर कोठें होतें तें विहिरीवरून ओळखावें लागलें. “दूध उतू जाताना मला बघवत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही दिवसभर उशीर उशीर करत होतात. त्या दिवशी आम्हांला कुणी उशीर करू दिला नाही. नुसतं मागे वळून बघायलाही वेळ नव्हता.”

आम्हीं त्यांच्या सहवासांत उभा जन्म काढला, पण ही गोष्ट त्या रात्रीं प्रथम ऐकली. सारें वेळेवर झालें असतें तर त्या वेळीं आम्ही तीन ठिकाणीं तीन कुलुपें उघडीत असतों.

पुण्यानें विलंबावांचून झालेलीं स्थलांतरें पुष्कळ पाहिलीं आहेत. १८९७ च्या प्लेगांत रोग्यास रुग्णालयांत आणि घरच्यांस विलगीकरणाच्या छावणींत नेत, सामान बाहेर काढीत. कित्येक कुटुंबें आपण होऊन माळावर झोंपड्यांत राहावयास गेलीं. १९६१ च्या पुरानंतर सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या वस्त्या वाढल्या, त्यांत किती तरी घरें एका दिवसांत रिकाम्या हातांनीं बाहेर पडलेल्यांचीं होतीं. उलट, शनिवारवाड्याभोंवतीं राहणाऱ्यांच्या वाट्यास न संपणारा विलंब आला आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम करूं नये, असें २०१० च्या केंद्रीय कायद्यानें ठरविलें. त्यामुळें तेथील जुने वाडे नव्यानें बांधतां येत नाहींत, आणि मोडकळीस आलेल्या घरांतून निघावें कीं राहावें हेंही कित्येकांस ठरवितां येत नाहीं. हे दोन्ही प्रकार पाहिले म्हणजे सकाळीं निघून दुसऱ्या दिवशीं पोहोंचणें याला आपत्ति म्हणण्यास जीभ धजत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येणार असेल, त्यांना दोन-चार गोष्टी सुचवितों. नव्या सोसायटीचे नियम आठ दिवस आधीं लेखी मागून घ्यावे. जिन्यांतून न उतरणारी वस्तु कोणती तें आदल्या दिवशीं दोरीनें मोजून पाहावें व सुतारास सांगून ठेवावें. हमालांशीं घासाघीस करूं नये. आपल्या तीन पिढ्यांचें ओझें ते एका दिवसांत उचलतात. वडील माणसांच्या वस्तु शेवटीं काढाव्या आणि नव्या घरांत प्रथम लावाव्या. आणि एक शेगडी, एक पातेलें, घरांतील सर्वांस एक वेळ पुरेल इतके तांदूळ व एक कंदील एवढें सामान कोणत्याही गाडींत चढवूं नये. तें शेवटपर्यंत जुन्या घरींच असूं द्यावें.