साष्टीवर उतरलेला माल

नायगाव मागे पडलं की गाडी पुलावर येते. खाली वसईची खाडी, मधे पाणजू बेट, बेटावरून गेलेले रूळ, मग पुन्हा पाणी आणि पलीकडे भाईंदर. डब्यातल्या गर्दीला या पाण्याचं काही वाटत नाही. निर्माल्याची पिशवी भिरकावायची जागा, एवढीच त्याची ओळख. पण ही खाडी ओलांडली की मुख्य भूमी सुटते आणि साष्टी बेट लागतं. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि तिकडे ठाण्यापर्यंत सगळं साष्टीच. पुलांनी आणि भरावांनी ते जमिनीला इतकं जखडून टाकलंय की तिथे राहणाऱ्यांनाच बेटाचा विसर पडलाय. आम्हा एडवणकरांना तो पडत नाही. सकाळी पोटासाठी बेटावर यायचं आणि रात्री समुद्राकाठच्या आपल्या गावी परतायचं, असं ज्याचं आयुष्य गेलं त्याच्या अंगात ही खाडी मुरलेली असते.

मी सहारला माल सोडवतो. परदेशातून विमानानं आलेला माल कस्टममधून बाहेर काढून ज्याचा त्याच्या दारी पोचता करायचा, हा माझा धंदा. सरकारदरबारी आम्ही आधी कस्टम हाऊस एजंट होतो, २०१३च्या नियमांपासून कस्टम ब्रोकर झालो. त्याच वर्षी एप्रिलात लोकल डहाणूपर्यंत आली आणि आमच्या स्टेशनावरून, सफाळ्याहून, अंधेरीला जाणं जरा माणसात आलं. त्याआधी शटलनं विरार गाठायचं, तिथे गाडी बदलायची, आणि हातातली कागदांची फाईल गर्दीत डोक्यावर धरायची.

विमान उतरतं, माल शेडमध्ये येतो आणि एका विचित्र अवस्थेत पडून राहतो. देशात आलेला असतो, पण घरात घेतलेला नसतो. १९६२च्या कस्टम्स कायद्यानं ही अवस्था फार नेमकी बांधून ठेवलीय. कलम ४६ खाली बिल ऑफ एंट्री टाकायची: माल काय, कुठून आला, कितीचा, टॅरिफच्या कुठल्या नंबरात बसतो. ड्युटी ठरते, भरली जाते. कधी खोकं उघडून बघायचं ठरतं, कधी नाही. शेवटी कलम ४७चा हुकूम होतो, 'आऊट ऑफ चार्ज' पडतो, आणि गेट पास हातात येतो. तोवर मालक कितीही मोठा असो, आपल्याच वस्तूला त्याला हात लावता येत नाही. आणि तीस दिवसांत कोणी सोडवायला आलंच नाही, तर नोटीस देऊन तो माल विकून टाकायची सोय कलम ४८मध्ये आहे. शेडमधली ती जमीन म्हणजे बेटावरचं बेटच. तिथे पडलेली वस्तू मुकी असते. तिच्या बाजूनं उभं राहणारं, ती काय आहे आणि कोणाची वाट बघतेय हे सांगणारं आपलं माणूस तिथे लागतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा मला लागलेला अर्थ एवढाच आहे.

माझ्या पार्ट्या बहुतेक बोईसर-तारापूरच्या. तिथल्या एमआयडीसीत रसायनं होतात, औषधं होतात, कापड होतं, पोलाद होतं. त्यांचा जड माल जहाजानं न्हावाशेवाला येतो, सावकाश. विमानानं येतं ते अडलेलं. एखाद्या रिअ‍ॅक्टरचं मेकॅनिकल सील गेलेलं असतं, आत अर्धी झालेली बॅच पडून असते, आणि नवं सील यायचं असतं जर्मनीहून. किंवा औषधाच्या प्रयोगशाळेला रेफरन्स स्टँडर्ड हवं असतं. ही वस्तू बघण्यासारखी आहे. बोटाच्या पेराएवढी तपकिरी काचेची कुपी, तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. या भुकटीशी ताडून बघितल्याशिवाय गोळ्यांचा आख्खा लॉट कारखान्याबाहेर पडू शकत नाही. कुपी थर्माकोलच्या पेटीत, भोवती गारठलेल्या जेलच्या पिशव्या, आणि कडेला तापमान नोंदणारं छोटंसं यंत्र. त्याचा हिरवा दिवा मधूनमधून लुकलुकतो. दोन ते आठ अंश; त्याच्या वर गेलं की कुपीतली भुकटी भुकटीच राहते, प्रमाण राहत नाही. हा दिवा हिरवा आहे तोवर मी घाईत असतो, पण धीरही असतो.

मोठं यंत्र आलं तर आधी त्याच्या खालचं लाकूड बघायचं. पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी'. म्हणजे लाकूड तापवून त्यातली कीड मारलीय. शिक्का नसेल तर लाखांचं यंत्र बाजूला राहतं आणि लाकडाची चौकशी सुरू होते. कारखान्यातले स्टोअरवाले वैतागतात. फोनवर म्हणतात, "दादा, आम्ही लाकूड मागवलंय का यंत्र?" मला मात्र ही चौकशी कधी फालतू वाटली नाही. केळवे-माहीमचे पानमळे आणि आमच्याकडच्या वाड्या बघत वाढलेला माणूस परक्या किडीला हसण्यावारी नेत नाही.

कस्टमच्या नियमांत मला मनापासून आवडणारा एक नियम आहे. ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर नसते, त्यात भाडं आणि विमाही धरतात. पण विमानाचं भाडं कितीही झालं, तरी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही. लाख रुपयांचं सील आणायला चाळीस हजार भाडं पडलं असेल, तर ड्युटीसाठी वीसच हजार मोजतात. विमानानं कोणी हौस म्हणून माल मागवत नाही, अडचणीत सापडलेला मागवतो. त्याच्या सगळ्या घाईवर सरकारनं हात मारू नये, अशी काही समज या नियमामागे मला दिसते. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात ती होती का, हा भाग वेगळा. मी मात्र नव्या पोरांना हा नियम शिकवताना अशाच रीतीनं सांगतो.

माल अडवून त्याच्याकडून काही घेणं आमच्या किनाऱ्याला नवं नाही. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना जवळ नसेल तर समुद्रातलं गलबत जप्त होई. परवाना असला तरी त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरावी लागे. एडवण, केळवे, तारापूर असे लहानमोठे कोट या पट्ट्यात एकामागून एक दिसतात. आता तिथे मुलं पतंग उडवतात आणि शेळ्या चरतात. एके काळी येणाऱ्याजाणाऱ्या शिडांवर नजर ठेवणं हेही त्यांचं काम होतं. माझ्या लहानपणी कस्टमवाले म्हणजे काळोखात किनाऱ्यावर बॅटऱ्या मारत फिरणारी माणसं. सोनं, घड्याळं, परदेशी कापड हे चोरून उतरवण्याचे ते दिवस. त्या काळी ड्युटीचे दर असे होते की सरळ मार्गानं काही आणणं सामान्य माणसाच्या स्वप्नातही नसे. १९९१च्या अर्थसंकल्पात वरचा दर खाली आणला, तो कितीवर? १५० टक्क्यांवर. २००७पर्यंत शेतमाल सोडून बहुतेक वस्तूंचा वरचा दर १० टक्क्यांवर आला होता. किनाऱ्यावरच्या बॅटऱ्या विझल्या त्या काही पहाऱ्यामुळेच नव्हेत; चोरी परवडेनाशी झाली.

आता सगळं संगणकावर. २०२०च्या ऑक्टोबरअखेरीस फेसलेस पद्धत देशभर आली. बिल सहारला टाकलं तरी ते तपासणारा अधिकारी चेन्नईला असेल, दिल्लीला असेल. त्याचं तोंड मला दिसत नाही, माझं त्याला. टेबलासमोर ताटकळणं संपलं आणि ओळखीपाळखीचा भाग गेला, हे फार बरं झालं. पण ज्यानं सील कधी हातात घेतलेलं नाही त्याला ते शब्दांत समजावून द्यायचं, हे कसब वाढलं. क्वेरी पडते: ही वस्तू पंपाचा भाग आहे की नुसती रबराची चकती? उत्तर चार ओळींत, स्वच्छ लिहावं लागतं. मोघम लिहिलं की दुसरी क्वेरी, आणि इकडे डेमरेज चढत राहतं. माल सोडवणं आता बरंचसं नीट लिहिण्याचं काम झालंय, आणि आमच्या लाइनीत ते अजून फार थोड्यांच्या पचनी पडलंय.

२०२१ साल या शेडनं कधी विसरू नये. फेब्रुवारीत मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या औषधाची बातमी घरोघरी झाली. दुर्मीळ आजार, एकदाच द्यायचं औषध, किंमत सोळा कोटींच्या घरात, आणि वर सुमारे सहा कोटींचा कर. तो कर केंद्रानं माफ केला. पुढे १ एप्रिल २०२३पासून सरकारी धोरणात नोंदलेल्या दुर्मीळ आजारांसाठी स्वतःपुरती मागवलेली औषधं मूळ कस्टम ड्युटीतून मोकळीच झाली. एका घरासाठी केलेली माफी पुढे नियम झाली, याचं मला अप्रूप आहे. २०२१च्याच एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट आली आणि शेड ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरांनी भरलं. २४ एप्रिलला त्यांच्यावरची मूळ ड्युटी गेली. परदेशातल्या मुलांनी आईबापांना भेट म्हणून पाठवलेल्या यंत्रांवर २८ टक्के आयजीएसटी होता, तो १ मेपासून १२वर आला. आमची माणसं घरी जाईनात. खोक्यावर वसई, पालघर, डहाणू असे पत्ते, आणि पत्त्याखाली पाठवणाऱ्यानं पेनानं लिहिलेलं, 'अर्जंट, फॉर बाबा'. टॅरिफमध्ये त्याला नंबर नाही.

आणखी एक माल या शेडमधून येतो, त्याबद्दल आमच्यात कोणी फारसं बोलत नाही. आखातात, जहाजावर, कुठल्याशा परक्या शहरात कामाला गेलेली माणसं कधीकधी पेटीतून परततात. त्यांचंही एअरवे बिल असतं. त्यावर वजन किलोत लिहिलेलं असतं, कारण विमान कंपनी वजनावरच भाडं घेते. मृत्यूचा दाखला, एम्बाल्मिंगचा दाखला, वकिलातीचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, मग विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांची सही. असं कोणी आमच्या बाजूचं आलं की गावातून मला फोन येतो आणि मी जातो. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, हे कोणी शिकवावं लागत नाही.

एकदा किनाऱ्यावरच्याच एका गावचे गृहस्थ आपल्या मुलाला न्यायला आले होते. बरोबर दोन भाऊबंद आणि बाहेर उभी केलेली रुग्णवाहिका. कागद पुरे होईतो ते भिंतीला टेकून उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी गेट पास घेऊन आलो, तशी त्यांनी लेंग्याच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेल्या नोटा काढल्या.

"भाऊ, ह्याच्यावर किती भरायचं?"

"काही नाही, काका. ह्याच्यावर काही नसतं."

त्यांना ते पटेना. इथून काही न भरता काही सुटत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. नोटा त्यांनी कोणाकोणाकडून उसन्या आणल्या होत्या हे त्यांच्या भावानं मला मागाहून सांगितलं. मी त्यांच्यासमोर कागद धरला, बोट ठेवून वाचून दाखवलं. मग त्यांनी रुमाल पुन्हा घडी घालून खिशात ठेवला, पेटीच्या पट्टीवर हात ठेवला आणि मुलाला नावानं हाक मारून म्हणाले, "चल आता." तेव्हापासून, कितीही साधा माल असला तरी, 'आऊट ऑफ चार्ज' पडल्यावर मी खोक्याला एकदा हात लावतो.

आता आमच्याच किनाऱ्यावर मोठं काही यायचं आहे. तारापूरच्या उत्तरेला वाढवणला बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन त्याची पायाभरणी केली. मुंबईचा तिसरा विमानतळही तिथेच करायचा, समुद्रात भराव घालून करायचा, अशा बातम्या येतात. म्हणजे उद्या माल उतरायला नवं बेट. मच्छीमारांचा या बंदराला वर्षानुवर्षं विरोध आहे, आणि मी त्यांच्यातच राहतो. भरावाखाली जाणारा समुद्र हा कोणाचा तरी रोजचा बाजार आहे, हे मला कोणी नकाशावर दाखवून द्यायला नको. ते बेट व्हावं असं मी म्हणणार नाही. पण व्हायचंच असेल, तर तिथल्या शेडमध्ये आमची पोरं फक्त खोकी उचलायला नकोत. बिल टाकणारी, क्वेरीला उत्तर लिहिणारी, खोक्याजवळ उभी राहणारी माणसं आमच्यातली हवीत.

म्हणून रविवारी सकाळी आमच्या ओटीवर चारपाच मुलंमुली येतात. परीक्षेविना मिळणाऱ्या कस्टमच्या एच-कार्डावर हरकाम्या म्हणून राहायचं नाही, जी-कार्डाची परीक्षा द्यायची, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. टॅरिफचे पाठ आम्ही क्रमानं घेत नाही, मुलांना रस वाटेल तसे घेतो. ८४ म्हणजे यंत्रं, ८५ विजेची, ३० औषधं. परवा एका मांगेल्याच्या मुलीनं विचारलं, "काका, आपला बोंबील कुठे?" पाठ ३ काढायला सांगितला. ०३०५ खाली सुक्या मासळीत बोंबलाला स्वतःची वेगळी ओळ आहे; आठ आकडी नंबर आहे. तिनं तो मोठ्यानं वाचला, आईला हाक मारून पुन्हा वाचला, आणि मग बाकीच्यांना म्हणाली की आता सुरमई शोधा.